म्हातारीची रिकामी फेरी

ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. कुणाच्या लांबच्या मावशीच्या शेजारणीची नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं. मीसुद्धा असल्या गोष्टींना फिदीफिदी हसायचे.

आता नाही हसत.

आणि आधीच सांगते. रात्र नव्हती, पडकी विहीर नव्हती, पिंपळबिंपळ काही नव्हता. सुट्टीच्या दिवसाची सकाळ होती. धुकं होतं, एवढंच.

मी खेळांच्या बागेत कामाला होते. आकाशपाळणा, धडकगाड्या, घोड्यांचं चक्र आणि सगळ्यात मागे, कुंपणाला लागून, आमची म्हातारी.

म्हातारी म्हणजे आमचा रोलर कोस्टर. सगळा लाकडाचा, साहेबांच्या, म्हणजे बागेच्या मालकांच्या, वडिलांनी बांधलेला. गाडी चढताना असा कण्हत-कुथत आवाज करायची की नाव पडलं म्हातारी. पण एकदा शेंड्यावरून सुटली की भल्याभल्या तरण्यांची बोबडी वळवायची.

माझं काम फलाटावर. लोकांना शिस्तीत बसवायचं, खटका ओढून गाडी सोडायची, माईकवर बोलायचं. साहेब म्हणायचे, "हिला माईक कशाला दिलाय? हिचा आवाज तसाही गावभर जातो."

आणि गाडीच्या शेपटाला उभा राहायचा माझा धाकटा भाऊ. ब्रेकवाला.

हल्लीच्या रोलर कोस्टरचे ब्रेक रुळात असतात, बटणावर चालतात. म्हातारीचा ब्रेक गाडीतच होता. शेवटच्या बाकामागे उभं राहायला एक फळी, एक लांब दांडा, आणि तो ओढणारा माणूस. शेवटच्या वळणाआधी दांडा ओढायचाच. नाही ओढला तर गाडी वळणार नाही, सरळ जाईल. आणि सरळ रूळ नव्हता... नुसती हवा होती.

हे काम आम्हा दोघांना मामाने शिकवलं. सख्खा मामा. त्याची सगळी उमर त्या फळीवर गेली, गुडघे गेले तेव्हाच तो खाली उतरला. मामा बोलायला लागला की थांबायचा नाही. "अरे, ही काय आजची गंमत आहे?" म्हणायचा. "थंड मुलखात लोक बर्फाच्या टेकड्या बांधायचे, लाकडी सांगाडा करून त्यावर पाणी ओतायचं, गोठलं की बसा आणि सुटा! राण्या-बिण्या सुद्धा किंचाळत खाली यायच्या. मग कुठे तरी कोळशाच्या खाणीतली गाडी डोंगरावरून खाली सोडायचे. लोक म्हणाले, कोळसा बसतो तर आम्ही का नाही? पैसे देऊन बसायला लागले! आता सांग, माणसाइतका येडा प्राणी आहे का दुसरा? घाबरायला पैसे देतो!"

आणि स्वतःच खो-खो हसायचा.

फक्त एका गोष्टीवर तो हसायचा नाही.

आमची एक पद्धत होती. लोक बसले की ब्रेकवाला प्रत्येक बाकावरची लोखंडी दांडी ओढून बघायचा. मग शेपटाला जाऊन ओरडायचा, "बसले!" मी म्हणायचे, "सोडली!" आणि खटका ओढायचे. गाडी परत आली, सगळे बाहेर गेले, की तो ओरडायचा, "उतरले!" मग मी माणसं आत घ्यायचे.

पण रोज सकाळी, बाग उघडण्याआधी, एक फेरी रिकामी सोडायची. रूळ, साखळी, ब्रेक बघायला. त्या फेरीला "बसले" म्हणायचं नाही. "रिकामी!" म्हणायचं. दांड्या वर उघड्या ठेवायच्या.

"का रे मामा?" मी एकदा विचारलं होतं.



"मी एकदा म्हणालो होतो," मामा एवढंच बोलला. "एकदाच."

आणि उठून गेला. त्याने स्वतःच्या पोरांना म्हातारीत कधी बसू दिलं नाही, हे मला फार नंतर आठवलं.

तर ती सकाळ.

भाऊ आपल्या लेकीला घेऊन आला होता. आमची बुटकी. तिला म्हातारीत बसायचं वेड, आणि दरवेळी उंचीच्या पट्टीपाशी गाडं अडायचं. पट्टीपेक्षा डोकं खाली, की बसायचं नाही. नियम म्हणजे नियम, मग साहेबांचा नातू का असेना. बिचारी टाचा उंच करून उभी राहायची, केस फुगवून यायची, एकदा तर बुटात कागद कोंबून आली होती. मीच पकडलं.

त्या दिवशी तिचं डोकं पट्टीला लागलं. खरोखर लागलं.

"आत्या! लागलं! बघ, लागलं!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. भाऊ तर हवेतच होता. "दुपारी गर्दी ओसरली की पहिल्या बाकावर बसवतो. गाडी हलकी असली की जरा दमाने जाते, घाबरायची नाही."

"मी घाबरतच नाही," बुटकी म्हणाली.

हसत-हसतच तो सकाळच्या फेरीला फळीवर चढला. तोंड लेकीकडे, तिला वेडावून दाखवतोय. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला...

"बसले!"

"सोडली!" मी म्हणाले. खटका ओढला.

ओढला आणि मग लक्षात आलं.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रिकामी म्हण, रिकामी!"

"रिकामी, रिकामी!" तो हसत ओरडला. गाडी धुक्यात शिरली होती.

मी तिथेच उभी राहिले.

म्हातारीची साखळी मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. रिकामी गाडी चढताना खटखटखट असा भरभर आवाज यायचा. भरलेली असली की दमून, एकेक खट्... खट्... असा.

त्या सकाळी धुक्यातून आवाज आला.

खट्...

खट्...

खट्...

"दमट हवा आहे, लाकूड फुगलं असेल," मी स्वतःला समजावलं.

मग गाडी वरून सुटली. चाकांचा गडगडाट झाला. आणि मला जाणवलं, काहीतरी कमी आहे. इतक्या जड गाडीबरोबर नेहमी किंकाळ्या येतात. इथे गडगडाट भरलेल्या गाडीचा... आणि माणसाचा आवाज एक नाही.

गाडी फलाटावर आली. थांबायच्या खुणेच्या बरीच पुढे जाऊन थांबली.

भावाचं हसू गेलं होतं.

"ताई, जड आली गं."

मी गाडीकडे बघितलं. सगळ्या दांड्या मी स्वतःच्या हाताने वर केल्या होत्या.

सगळ्या खाली होत्या.

प्रत्येक बाकावर... नीट, कुणाच्या तरी मांडीवर टेकवाव्यात तशा.

आम्ही मिस्त्रीला बोलावलं. त्याने चाकं बघितली, ब्रेकचे ठोकळे बघितले, साखळी बघितली. "ठणठणीत आहे तुमची म्हातारी. दांड्या धक्क्याने पडल्या असतील." साहेब म्हणाले, "सुट्टीचा दिवस आहे, बाहेर रांग बघा आणि मग मला गोष्टी सांगा." झालं. आम्ही बाग उघडली.

"उतरले" म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उतरायला होतं कोण?

सकाळभर गर्दी होती. एकजण उतरतोय तोवर दुसरा चढतोय, माईकला हात लावायला की "उतरले" म्हणायला उसंतच नाही. भरलेली गाडी भरल्यासारखी चालत होती, त्यामुळे ध्यानात काही येईना. पण एकेक विचित्र व्हायला लागलं.

एक गृहस्थ एकटेच बाकावर बसले होते. अगदी कडेला, अंग चोरून. मी म्हणाले, "काका, आत सरका ना, अजून एकजण बसेल."

"कुठे सरकू?" ते वैतागून म्हणाले. "जागा आहे का बाई?"

त्यांच्या शेजारी अर्धा बाक रिकामा होता.

त्यांनी स्वतः वळून बघितलं. बघतच राहिले. मग काही न बोलता उठले आणि निघून गेले. तिकीटही परत मागितलं नाही.

पहिल्या बाकासाठी एरवी मारामारी. त्या दिवशी तिथे कुणी बसायलाच तयार नाही. एक लहान मुलगा तर आईच्या पदरात तोंड लपवून म्हणाला, "तिथे बसलेत ना..."

"कोण बसलंय रे बाळा?" आईने विचारलं.

त्याने पदर अजून घट्ट ओढून घेतला.

मला वाटायला लागलं होतं, खरंच वाटायला लागलं होतं, की आज बुटकीला बसवू नये. मी भावाला बाजूला घेतलं. "उद्या बसव ना तिला. आज माझं मन घेत नाही."

"ताई, दोन वर्षं ती पोर पट्टीपाशी रडत परत गेलीये. तू जाऊन सांग तिला उद्या. मला नाही जमायचं."

मी तिच्याकडे बघितलं. रांगेच्या दोरीपाशी उभी होती, केसांना दोन फिती बांधून, सकाळपासून. पाणी प्यायलाही हलली नव्हती, जागा जाईल म्हणून.

मलाही नाही जमलं.

दुपारी लोक जेवायला पांगले. फलाटावर मोजकीच माणसं उरली. धुकं अजून हटलं नव्हतं, लांबचं वळण दिसतच नव्हतं. बुटकी पहिल्या बाकावर बसली. मध्ये नाही बसली. एका कडेला बसली.

"मध्ये सरक गं," मी म्हणाले.

"अं-हं," ती म्हणाली, आणि शेजारी बघून हसली. ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं, तशी.

मी एक पाऊल पुढे टाकलं. पण भाऊ शेपटाशी पोचला होता.

"बसले!"

हात सवयीचा गुलाम असतो हो. तोंडही. "सोडली," मी म्हणाले आणि खटका ओढला.

गाडी जवळजवळ रिकामी. आणि धुक्यातून आवाज...

खट्...

खट्...

खट्...

इतका हळू मी आयुष्यात ऐकला नव्हता. साखळी रडत होती.

"आत कितीजण आहेत?"

मी दचकून मागे बघितलं. मामा होता. काठी टेकत, बुटकीची पहिली फेरी बघायला आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मोजकेच आहेत मामा. चार-पाच टाळकी."

"हा चार-पाच माणसांचा आवाज नाही." त्याने माझा दंड धरला. "सकाळी... सकाळच्या फेरीला काय म्हणाला तो?"

मला सांगायची गरजच पडली नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"आणि नंतर? उतरले म्हणालात?"

"मामा, उतरायला कोण..."

"अगं, म्हणजे ते बसलेलेच आहेत!" मामा ओरडला. "सकाळपासून बसलेत सगळे!"

वर गाडी शेंड्यावरून सुटली. गडगडाट असा झाला की फलाटाच्या फळ्या थरथरल्या. किंकाळ्या आल्या, मोजक्या माणसांच्या. त्यात एक आवाज आमच्या पोरीचा. आनंदाने ओरडत होती.

धुक्यातून शेवटचा उतार दिसत होता. गाडी त्यावर आली. इतक्या वेगात मी ती कधी बघितली नव्हती. मागे भाऊ दांड्याला अक्षरशः लोंबकळत होता, दोन्ही पाय फळीला रोवून. ठोकळ्यांतून धूर निघत होता. जळक्या लाकडाचा वास फलाटापर्यंत आला.

आणि ब्रेक लागत नव्हता.

पुढे शेवटचं वळण होतं. वळणापलीकडे हवा.

"उतरव त्यांना!" मामा किंचाळला. "तुझं ऐकतील! फलाटवाल्याचंच ऐकतात! उतरव!"

मी माईक ओढला. माझी पाचावर धारण बसली होती. डोकं चालत नव्हतं. तोंडात आलं ते रोजचं, दिवसातून शंभर वेळा म्हटलेलं, झोपेतही पाठ असलेलं...

"फेरी संपली आहे! सर्वांनी उतरून घ्या! सावकाश उतरा! आपलं सामान आणि लहान मुलांना सोबत घेऊन उतरा!"

कर्ण्यांतून माझा आवाज सगळ्या बागेवर घुमला.

गाडी एकदम... वर उचलल्यासारखी झाली. ओझ्याखालून सुटावी तशी.

ब्रेक लागला.

कर्कश आवाज करत गाडी वळली, फलाटावर आली आणि बरोबर खुणेवर थांबली.

मी धावले. बुटकी बसली होती. धडधाकट, गाल लाल झालेले, डोळे चमकतायत. मी तिला अशी मिठी मारली की ती म्हणाली, "आत्या, चेमटवतेस मला!" मी रडत होते, हसत होते. भाऊ फळीवरून उतरला आणि मटकन खालीच बसला. त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती.

मागच्या बाकावरची एक बाई थरथरत होती. नवऱ्याला सांगत होती, "वळणाआधी कुणीतरी माझ्या अंगावरून ओलांडून गेलं हो. एक नाही... पुष्कळजण. घाईघाईने."

नवरा म्हणाला, "वारा असेल."

तो स्वतः दांडीला घट्ट धरून बसला होता. हात सोडवावे लागले त्याचे.

मामा मात्र गाडीकडे बघत नव्हता. तो बुटकीकडे बघत होता.

ती बाहेरच्या फाटकाकडे निघाली होती, फिती उडवत, एकटीच. आणि तिचा डावा हात जरा वर होता.

मोठ्या माणसाचं बोट धरून चालावं... तसा.

"मुलांना सोबत घ्या म्हणालीस तू," मामा हळूच म्हणाला. "का म्हणालीस गं?"

"रोज तेच म्हणते मी मामा! रोज तेच म्हणते!"

त्याने कपाळावर हात मारून घेतला.

मी धावत जाऊन बुटकीचा तो हात धरला. थंड होता, बर्फासारखा. उजवा हात गरम.

म्हातारी त्याच दिवशी बंद झाली. ब्रेकचे ठोकळे जळाले, असं कारण साहेबांनी लावलं. पुढे लाकूडही उतरवलं. भाऊ आता मालाची गाडी चालवतो. मी कापडाच्या दुकानात आहे. माईकला हात लावत नाही.

पण बुटकी...

ती चांगली आहे. खाते, खेळते, शाळेत जाते. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही, काट्यावर वजनही वयाच्या मानाने बरोबर. पण ती जिना चढते तेव्हा पायऱ्या दोनदा वाजतात. बाकावर बसली तर कडेला बसते. एकदा ती दिवाणावर झोपली होती, भाऊ तिला उचलून आत न्यायला गेला. वाकला... आणि तसाच माझ्याकडे बघायला लागला.

"ताई," तो म्हणाला. "ही उचलवत नाही गं मला."

मी काय नाही केलं? आधी जिथे फलाट होता तिथे जाऊन, रिकाम्या जमिनीवर उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडले. "उतरले! उतरले!" रखवालदाराने मला वेडी समजून चहा पाजला. बुटकीच्या शेजारच्या रिकाम्या जागेला हात जोडून म्हणाले, उतरा हो, माझी पोर सोडा. काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मामाकडे गेले. तो आता अंथरुणालाच खिळलाय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

"गाडीत बसलेल्याला उतरा म्हणता येतं," तो म्हणाला. "जो उतरून घरी आलाय... त्याला काय म्हणणार?"

परवाची गोष्ट. भर दुपार होती. भाऊ आणि वहिनी बाहेर गेले होते, मी बुटकीजवळ थांबले होते. ती खोलीत आडवी झाली होती, पलंगाच्या अगदी कडेला. उरलेला सगळा पलंग रिकामा. मी आपली सहज त्या रिकाम्या बाजूला टेकायला गेले.

"तिथे नको आत्या!"

मी जागच्या जागी थिजले.

 तरी विचारलं. कधी तरी विचारायचंच होतं.

"बुटके... कोण आहे गं तिथे?"

तिने माझ्याकडे बघितलं, मोठी माणसं मठ्ठपणा करतात तेव्हा मुलं बघतात ना, तसं.

"तूच नाही का सांगितलंस माईकवर? मुलांना सोबत घ्या म्हणून?" ती कुजबुजली. "त्यांच्यासोबत मूल नव्हतं. म्हणून त्यांनी मला घेतलं."

 मला हुंदका फुटला.

बुटकीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ना आत्या. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

आणि तिने पांघरूण ओढून दोघींच्या अंगावर सारखं केलं.